गर्भाशय काढल्यानंतर पॅपचा रिपोर्ट बिघडलेला आला तर

गर्भपिशवीच काढून टाकली, मग आता कसला पॅप आणि त्यात कसला दोष? रिपोर्ट हातात पडल्यावर बहुतेकींच्या मनात हाच प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. पॅप ही गर्भाशयाची तपासणी नव्हेच. ज्या जागेवरून पेशी खरवडून घेतल्या त्या जागेची ती तपासणी. गर्भाशयाचं तोंड शिल्लक असेल तर नमुना तिथला असतो. तेही काढलेलं असेल तर नमुना योनीमार्गाच्या वरच्या टोकाचा असतो, म्हणजे जिथे टाके घालून मार्ग बंद केलाय तिथला. डॉक्टर या टोकाला व्हॉल्ट म्हणतात आणि त्या नमुन्याला व्हॉल्ट स्मिअर. गंमत अशी, की पॅपनिकोलाऊ यांनी ही तपासणी बसवली ती योनीमार्गातल्या स्रावावरूनच. गर्भाशयाच्या तोंडावर लाकडी पट्टी फिरवून नमुना घ्यायची पद्धत नंतर, १९४७ साली, आयर नावाच्या डॉक्टरांनी आणली.

तर रिपोर्ट बिघडू शकतो. पण तो किती गंभीर घ्यायचा हे त्यावरच्या इंग्रजी शब्दावरून ठरत नाही. तुमच्या शस्त्रक्रियेत नेमकं काय काढलं आणि का काढलं, यावरून ठरतं. एकच शब्द एकीच्या बाबतीत ‘काही आठवडे क्रीम लावा आणि पुन्हा या’ असा असतो, तर दुसरीच्या बाबतीत ‘या आठवड्यात दुर्बिणीतून बघू’ असा. म्हणून डॉक्टरांकडे धावायच्या आधी कपाट उघडा.

आधी जुने कागद

दोन कागद हवेत: शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या अवयवाचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट. यातला दुसरा जास्त महत्त्वाचा, आणि नेमका तोच हरवलेला असतो. टाके काढायला गेल्यावर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढं ऐकून तो फाइलमध्ये जातो आणि पुढे घर बदलताना फाइलही जाते. सापडला नाही तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथल्या रेकॉर्ड विभागात किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये नाव, तारीख आणि नोंदणी क्रमांक देऊन प्रत मागा.

डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचं नाव बघा. ‘टोटल’ म्हणजे गर्भाशय आणि त्याचं तोंड दोन्ही काढलं. ‘सबटोटल’ किंवा ‘सुप्रासर्व्हायकल’ म्हणजे तोंड जागेवरच ठेवलं. ‘रॅडिकल’ म्हणजे तोंडासकट आजूबाजूचे ऊतक आणि योनीमार्गाचा वरचा भागही काढला. ही शस्त्रक्रिया सहसा कॅन्सरसाठीच करतात. ‘टोटल’ या शब्दावरून पुष्कळ जणींचा असा समज होतो की अंडाशयही गेले. तसं नाही. अंडाशय काढले असतील तर त्याचा वेगळा उल्लेख असतो. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली, पोट उघडून झाली की खालून झाली, यावरूनही तोंड काढलं की नाही ते कळत नाही.

हिस्टोपॅथॉलॉजीच्या कागदावर सुरुवातीलाच एक रुक्ष परिच्छेद असतो: काय आलं, केवढं आलं, किती सेंटीमीटर. त्यात ‘युटेरस विथ सर्व्हिक्स’ असं लिहिलं असेल तर तोंड निघालेलं आहे. तिथे सर्व्हिक्सचं मापच नसेल तर डॉक्टरांना स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरणारं साधन) घालून एकदा नीट बघायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे आणि सगळा पुढचा रस्ता त्यावर ठरतो. मग खालचा निदानाचा भाग वाचा. तिथे ‘सीआयएन’, ‘डिस्प्लेझिया’, ‘एआयएस’ (ही तिन्ही कॅन्सरपूर्व बदलांची नावं) किंवा ‘कार्सिनोमा’ (म्हणजे कॅन्सर) यांपैकी काही आहे का? असेल तर त्याचा दर्जा कोणता आणि कडा मोकळ्या होत्या का, हे एका कागदावर उतरवून घ्या. फायब्रॉइडसाठी काढलेल्या गर्भाशयाच्या तोंडावर सीआयएन योगायोगानं सापडतो, बाईला त्याचा पत्ताही नसतो, असंही घडतं.

आता तीन वाटा होतात.

तोंड शिल्लक असेल तर तुम्ही तपासणीच्या दृष्टीनं गर्भाशय असलेल्या बाईसारख्याच. नेहमीच्या वेळापत्रकानं पॅप किंवा एचपीव्ही (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण होणारा विषाणू) चाचणी चालू ठेवायची, आणि दोष आला तर नेहमीसारखी तोंडाची कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी, करायची.

तोंड काढलंय आणि कारण फायब्रॉइड, जास्त रक्तस्राव, अंग बाहेर येणं असं साधं होतं, पूर्वी कधी सीआयएन २ किंवा त्याहून वरचं काही नव्हतं, तर खरं म्हणजे तुमचा पॅप घ्यायलाच नको होता. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनं २०१८ च्या शिफारशीत अशा स्त्रियांची तपासणी करू नये असं स्पष्ट सांगितलंय. कारण सरळ आहे: योनीमार्गाचा कॅन्सर इतका विरळा, की अशा स्त्रियांमध्ये पॅपमधून खऱ्या आजारापेक्षा खोटी घंटाच जास्त वेळा वाजते. तरीही एकदा दोष आलाच, तर ‘घ्यायलाच नको होता’ म्हणून तो फाडून टाकता येत नाही. त्याचा छडा लावायचा, फक्त मनात हे धरून की पारडं तुमच्या बाजूला झुकलेलं आहे.

तिसरी वाट तोंड काढलेल्या आणि पूर्वी सीआयएन २, सीआयएन ३, एआयएस किंवा कॅन्सर असलेल्या स्त्रियांची. दर्जा २ आणि त्यावरच्या सीआयएनसाठी तपासणी निदान २५ वर्षं चालू ठेवायची, वय ६५ च्या पुढे गेलं तरी. इथे दोष आला तर चालढकल नको.

आणखी तीन गोष्टी कागदावर असू द्या, कारण त्यांनी चित्र बदलतं: पोटाखालच्या भागाला कधी रेडिएशन दिलं होतं का; प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत का, किंवा एचआयव्ही आहे का; आणि तुम्ही पोटात असताना तुमच्या आईला डीईएस हे औषध दिलं होतं का. हे औषध गर्भपात टाळण्यासाठी १९४० च्या सुमारापासून देत असत. १९७१ साली त्याचा मुलींमधल्या योनीमार्गाच्या एका विशिष्ट कॅन्सरशी संबंध उघड झाला.

रिपोर्टवरचा शब्द

रिपोर्टवर ही नावं इंग्रजी अक्षरांत असतात. इथे उच्चारानं लिहितो. ‘एनआयएलएम’ म्हणजे दोष नाही. त्याच्यापुढे ‘इन्फ्लमेशन’, ‘रिअ‍ॅक्टिव्ह चेंजेस’ किंवा ‘अ‍ॅट्रॉफी’ लिहिलं असलं तरीही दोष नाही. या शब्दांनी उगाच झोप उडते.

‘अनसॅटिस्फॅक्टरी’ म्हणजे वाचताच आला नाही: पेशी कमी, रक्त जास्त, जंतुसंसर्गाचा गाळ किंवा जेलीचा थर. हा निकालच नव्हे. दोन ते चार महिन्यांनी नमुना पुन्हा द्यायचा. लगेच घेतला तर पृष्ठभागावर नव्या पेशी पुरेशा तयार झालेल्या नसतात.

‘एएससी-यूएस’, बोलताना अ‍ॅस्कस, म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतायत पण त्याचा अर्थ लागत नाही. ‘एलएसआयएल’ म्हणजे सौम्य बदल, बहुतेक वेळा एचपीव्हीच्या हालचालीची खूण. या दोन्हींत घाई नसते. एचपीव्ही चाचणी सोबत झाली असेल आणि ती निगेटिव्ह असेल तर साधारणपणे १२ महिन्यांनी पुन्हा नमुना घेतात. पॉझिटिव्ह असेल तर काही डॉक्टर लगेच दुर्बिणीतून बघतात, काही वर्षभरानं पुन्हा चाचणी करतात. पूर्वी सीआयएन असेल तर पहिला मार्ग धरलेला बरा.

‘एएससी-एच’ म्हणजे तीव्र बदल नाहीतच असं सांगता येत नाही, आणि ‘एचएसआयएल’ म्हणजे तीव्र बदल. या दोहोंत मात्र पुन्हा पॅप करून वेळ काढायचा नाही. सरळ योनीमार्गाची दुर्बीण-तपासणी. ‘स्क्वेमस सेल कार्सिनोमा’, म्हणजे कॅन्सर, असा शब्द आला असेल तर स्त्रीरोग-कॅन्सरच्या तज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात वेळ घ्या.

‘एजीसी’ म्हणजे ग्रंथींच्या पेशींत बदल. तोंड आणि गर्भाशय दोन्ही नसताना ग्रंथीच्या पेशी आल्या कुठून, हा प्रश्न पॅथॉलॉजिस्टलाही पडतो. कधी गर्भनलिकेचं टोक टाक्यांच्या फटीतून खाली डोकावत असतं, कधी टाक्यांपाशी एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या, भलत्या जागी वाढलेल्या ऊतकाचा) ठिपका असतो, कधी योनीमार्गाच्या आवरणानंच रूप बदललेलं असतं. साध्या, निरोगी ग्रंथी-पेशी दिसल्या तर काळजी नाही. पण ‘एटिपिकल’ म्हटलं असेल, विशेषतः पूर्वी एआयएस किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झालेला असेल, तर दुर्बीण-तपासणी हवीच.

एक वाक्य रिपोर्टच्या कोपऱ्यात जवळजवळ ठरलेलं असतं: ‘एंडोसर्व्हायकल / ट्रान्सफॉर्मेशन झोन कंपोनंट अ‍ॅबसेंट’. टोटल शस्त्रक्रियेनंतर ते तसंच असणार, गर्भाशयाच्या तोंडाचा तो भागच आता नाही. नमुना नीट घेतला नाही असा त्याचा अर्थ काढू नका. मात्र त्या वाक्यावरून एक गोष्ट ताडून बघता येते. लॅबच्या फॉर्मवर नमुन्याची जागा ‘सर्व्हिक्स’ लिहिली आहे का ‘व्हॉल्ट’? ‘सर्व्हिक्स’ लिहिलं असेल तर वाचणाऱ्याला तुमची शस्त्रक्रिया झालीय हेच ठाऊक नव्हतं. अशा वेळी ती काच खऱ्या माहितीसह पुन्हा वाचून घ्यायला डॉक्टरांना सांगता येतं. वय, रेडिएशन, हार्मोन हे माहीत असलं तर पॅथॉलॉजिस्ट त्याच पेशी वेगळ्या नजरेनं बघतो.

कॅन्सर नसताना पेशी का बिघडलेल्या दिसतात

सगळ्यात मोठं कारण इस्ट्रोजेनची, म्हणजे अंडाशयात बनणाऱ्या स्त्री-हार्मोनची, कमतरता. पाळी जायच्या वयानंतर, किंवा अंडाशय काढल्यावर कुठल्याही वयात, योनीमार्गाचं आवरण पातळ होत जातं. वरच्या थरातल्या मोठ्या, चपट्या पेशी बनणं थांबतं आणि नमुन्यात खालच्या थरातल्या लहान, गोल पेशी येतात. लहान पेशीत केंद्रक मात्र तेवढंच, म्हणजे पेशीच्या मानानं मोठं दिसतं. केंद्रक मोठं दिसणं ही बिघाडाचीही खूण असल्यामुळे पॅथॉलॉजिस्ट कचरतो आणि अ‍ॅस्कस लिहितो, कधी एएससी-एचसुद्धा. हे ओळखायला सोपी युक्ती आहे: योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम दोन ते चार आठवडे रोज रात्री वापरायचं, नमुन्याच्या दोन-तीन दिवस आधी थांबवायचं आणि नमुना पुन्हा द्यायचा. कोरडेपणामुळे आलेला दोष यात सहसा विरून जातो. खरा असेल तर उलट स्पष्ट दिसतो, कारण आजूबाजूच्या निरोगी पेशी आता भरलेल्या असतात. क्रीम मध्येच थांबवायचं विसरलं तर त्याचा तेलकट थर नमुन्यात उतरतो आणि पुन्हा ‘अनसॅटिस्फॅक्टरी’. स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झालेला असेल तर हे क्रीम त्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. एचएसआयएल आलेला असताना ‘आधी क्रीम, मग बघू’ म्हणत महिने घालवणंही चूक. तिथे क्रीम लावायचं ते दुर्बीण-तपासणी नीट व्हावी म्हणून.

दुसरं कारण टाक्यांची जखम. भरताना तिथे कधी लालसर, मऊ, हात लावताच रक्त येणारा मांसाचा अंकुर उगवतो, ग्रॅन्युलेशन म्हणतात त्याला. भरून येणाऱ्या पेशी धावपळीत असतात आणि भिंगाखाली भयानक दिसतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पहिले तीन महिने तरी तिथला नमुना घेऊ नये. अंकुर टिकून राहिला तर सिल्व्हर नायट्रेटची काडी लावून जाळतात, बाह्यरुग्ण विभागातच होतं ते.

जंतुसंसर्ग तिसरा. ट्रायकोमोनास किंवा बुरशी असेल तर आधी उपचार, मग नमुना; ट्रायकोमोनासमध्ये नवऱ्यानंही गोळ्या घ्यायच्या, नाहीतर संसर्ग परत येतो. रेडिएशन झालेलं असेल तर पेशी फुगलेल्या, पोकळ्या पडलेल्या, क्वचित दोन-दोन केंद्रकांच्या दिसतात, आणि हे वर्षानुवर्षं टिकतं. तशा रिपोर्टवर रेडिएशनचं साल लिहिलेलं नसेल तर गोंधळ हमखास.

आणि एचपीव्ही. हा विषाणू गर्भाशयात राहत नाही, त्वचेच्या आणि आवरणाच्या पेशींत राहतो. गर्भाशयाचं तोंड काढल्यानं त्याची मुख्य आवडती जागा गेली, पण योनीमार्ग, बाहेरचा भाग आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा शिल्लक आहेच. तो वर्षानुवर्षं गप्प राहून पुन्हा डोकं वर काढू शकतो. आज चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आज-काल कुणाकडून लागण झाली असा हिशेब मांडता येत नाही. या एका गैरसमजावरून घरात वादळं होतात, म्हणून हे रिपोर्ट जोडीदारासमोर उघडण्याआधीच माहीत असलेलं बरं.

पुन्हा नमुना द्यायला जाताना

आदले दोन दिवस संबंध नकोत, योनीमार्गात औषध, जेली काही नको, आतून पाण्यानं धुणं तर कधीच नको. अंगावरून रक्त जात असेल तर डॉक्टरांना आधी कळवा. थोडं रक्त असलं तरी द्रव-माध्यमातल्या पद्धतीत नमुना चालतो, काचेवर पसरलेला कदाचित चालणार नाही.

नमुना घेताना टाक्यांच्या रेषेवरून आणि दोन्ही कोपऱ्यांतून पेशी आल्या पाहिजेत. शिवताना कोपरे आत दुमडले जातात आणि त्यांत खळगे तयार होतात. दोष लपतो तो तिथेच. ‘दोन्ही कोपऱ्यांतून घ्याल ना?’ असं विचारायला लाजू नका. फॉर्मवर पाच गोष्टी लिहिल्या आहेत का तेही बघा: व्हॉल्टचा नमुना, शस्त्रक्रियेचं वर्ष, कारण, आधीचा पॅप काय होता, आणि हार्मोन किंवा रेडिएशन. कोरडेपणामुळे स्पेक्युलम बोचत असेल तर लहान मापाचा मागा, तो कोमट पाण्यानं ओला केला तरी पुष्कळ फरक पडतो.

दुर्बीण-तपासणीच्या दिवशी

याला कोल्पोस्कोपी म्हणतात, योनीमार्गापुरती असेल तेव्हा व्हजायनोस्कोपीही. यंत्र बाहेरच राहतं, आत जातो फक्त स्पेक्युलम. १५-२० मिनिटं लागतात. तोंडाच्या कोल्पोस्कोपीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण तिथे रुपयाएवढी जागा बघायची असते आणि इथे घड्या पडलेली अख्खी नळी. स्पेक्युलमची पाती पुढची आणि मागची भिंत झाकतात, म्हणून डॉक्टरांनी तो हळूहळू फिरवत बाहेर काढत बघायला हवं. फक्त आत घालून, वर बघून, पाच मिनिटांत ‘काही नाही’ म्हटलं तर तपासणी अर्धीच झाली असं समजा. बाहेरचा भाग आणि गुदद्वाराभोवतीची त्वचाही याच वेळी बघून घ्यावी, कारण एचपीव्हीचे बदल एकाच जागी थांबत नाहीत.

आधी ३ ते ५ टक्क्यांचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात. व्हिनेगरसारखा वास येतो, थोडं चुरचुरतं, आणि एक-दोन मिनिटांत बिघडलेल्या पेशींचे ठिपके पांढरे पडतात. मग आयोडीन. निरोगी पेशींत ग्लायकोजेन भरलेलं असतं, त्यामुळे त्या गडद तपकिरी होतात. बिघडलेल्या जागा पिवळट राहतात. मेख अशी, की इस्ट्रोजेन नसलेल्या आवरणात ग्लायकोजेनच नसतं आणि सगळंच पिवळं दिसतं, मग बघणार काय? म्हणूनच पाळी गेलेल्या बाईनं या तपासणीच्याही आधी काही आठवडे क्रीम वापरलेलं असलं तर ती खरी उपयोगी पडते. आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर टेबलावर चढायच्या आधी सांगा. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका.

संशयाच्या जागी चिमट्यानं तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात: ही बायोप्सी. योनीमार्गाच्या वरच्या भागात संवेदना कमी असते, त्यामुळे बहुतेकींना चिमटा आणि ओढ जाणवते, तीव्र दुखत नाही. खालच्या भागात तुकडा घ्यायचा असेल तर बधिर करायचं इंजेक्शन मागता येतं. चालणारी वेदनाशामक गोळी तासभर आधी घेतली तर बरं. रक्त थांबवायला मॉन्सेल नावाचा लेप लावतात. नंतर दोन-चार दिवस अंगावरून काळपट तपकिरी, कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडतं. तो लेपच असतो, घाबरू नका. पॅड वापरा, टॅम्पॉन नको, आणि आठवडाभर किंवा डॉक्टर सांगतील तोवर संबंध नकोत. तासाला एक पॅड भिजू लागलं, ताप आला, दुर्गंधी सुटली तर मात्र लगेच फोन करा.

तुकड्याचा निकाल

हा खरा निकाल. पॅप फक्त बोट दाखवतो. नुसत्या पॅपवरून कुणी लेसर किंवा पुन्हा शस्त्रक्रिया सुचवत असेल तर ‘बायोप्सीत काय आलं?’ हा प्रश्न विचारूनच पुढे जा.

योनीमार्गातल्या कॅन्सरपूर्व बदलांना व्हेन म्हणतात, दर्जे १, २, ३. व्हेन १ हा बहुधा एचपीव्हीचा पाहुणा असतो आणि आपोआप जातो. त्याच्यावर नजर ठेवायची, त्याला जाळत सुटायचं नाही. व्हेन २ आणि ३ वर उपचार लागतात. बदल अनेक ठिकाणी विखुरलेले आणि नीट दिसणारे असतील तर कार्बन डायऑक्साइड लेसर बरा पडतो: योनीमार्गाच्या आवरणात ग्रंथी नसतात, त्यामुळे अगदी वरवरचा थर जाळून भागतं आणि मार्ग फारसा आखडत नाही. इमिक्विमॉडचं ५ टक्क्यांचं क्रीमही वापरतात. ते प्रतिकारशक्तीला त्या जागी जागं करतं, म्हणून जळजळ आणि अंगात कसर येते. ५-फ्लुओरोयुरॅसिल हे क्रीम आणखी कडक. ते ओघळून बाहेरच्या त्वचेला लागलं तर व्रण पडतात, त्यामुळे बाहेर आधी पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचा जाड थर लावायचा, आणि मात्रा दिली तेवढीच. दोन रात्रींचं एका रात्रीत लावून लवकर बरं होत नाही.

टाक्यांच्या जागी व्हेन ३ असेल तर आमचं मत कापून काढण्याकडे झुकतं. आत दुमडलेल्या कोपऱ्यात काय आहे ते दुर्बिणीला दिसत नाही आणि काही जणींत तिथे खरा कॅन्सर लपलेला सापडतो. लेसरनं जाळलं तर तपासायला तुकडाच उरत नाही. याची किंमत अशी, की मूत्राशय आणि मलाशय अगदी लागून असतात, त्यांना इजा व्हायचा धोका असतो, आणि मार्ग थोडा आखूड होऊ शकतो. ही शस्त्रक्रिया रोज करणाऱ्या हातांकडेच सोपवायची. मार्ग आखूड झाल्यास किंवा रेडिएशन द्यावं लागल्यास डायलेटर (मार्ग मोकळा ठेवायच्या गुळगुळीत नळ्या) कधीपासून, किती दिवस वापरायचे, ते आधीच विचारून ठेवा. चिकटून बसल्यावर उपाय अवघड होतो.

तुकडा निर्दोष आला आणि पॅप मात्र एचएसआयएल होता, तर गोष्ट संपलेली नसते. दोन्ही काचा एकाच पॅथॉलॉजिस्टनं शेजारी ठेवून बघाव्यात, आणि मग तपासणी पुन्हा करायची की कोपऱ्यांतून तुकडे घ्यायचे ते ठरवावं.

वाट बघण्याचे दिवस

बायोप्सीच्या निकालाला आठवडाभर जातो, कधी जास्त. ‘झाला की कळवू’ यावर विसंबू नका; कोणत्या तारखेला, कोणाला, कोणत्या नंबरवर विचारायचं ते टेबलावरून उतरतानाच लिहून घ्या. मन सारखं शोधाशोध करायला धावत असेल तर शोधताना ‘व्हॉल्ट’ हा शब्द सोबत घाला, नाहीतर जे वाचाल ते सगळं गर्भाशयाच्या तोंडाबद्दलचं असेल आणि तुम्हाला लागू होणार नाही. डॉक्टरांकडे कुणाला तरी सोबत न्या. घाबरलेल्या माणसाला पहिलं वाक्य ऐकू येतं, बाकीचं सोबतच्यानं ऐकायचं.

जोडीदार जुना असेल तर एचपीव्हीमुळे संबंध बंद करायची गरज नाही, तो विषाणू दोघांनी कधीच वाटून घेतलेला असतो. नवा असेल तर कंडोमनं धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. तंबाखू ओढत असाल तर तेवढं सोडा. धूम्रपानानं एचपीव्ही चिवटपणे टिकून राहतो, हे अंदाजानं म्हटलेलं नाही.

काही लक्षणांसाठी कुठल्याच रिपोर्टची वाट बघायची नाही: टोटल शस्त्रक्रियेनंतर महिन्यांनी-वर्षांनी अंगावरून लाल जाणं, संबंधानंतर रक्त, पाण्यासारखा लालसर किंवा घाण वासाचा स्राव, हाताला लागणारी गाठ, ओटीपोटात न थांबणारं दुखणं. मागच्या महिन्यात पॅप ‘नॉर्मल’ आला असला तरीही दाखवा. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होऊन गेलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तो परत आला की नाही हे शोधायला व्हॉल्टचा पॅप उपयोगाचा नाही, लक्षणं आणि हातानं केलेली तपासणीच कामाची.

पुढच्या तारखा

व्हेन २-३ च्या उपचारानंतर पहिली एक-दोन वर्षं साधारण दर सहा महिन्यांनी तपासणी असते, मग वर्षाला एकदा. हा आजार परत येण्यात पटाईत, म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला की फिरकायचं नाही असं करू नका. सीआयएन २-३ साठीच गर्भाशय काढलं असेल तर आधी लागोपाठ तीन वार्षिक चाचण्या आणि त्या चांगल्या आल्या की दर तीन वर्षांनी एक, २५ वर्षं पुरी होईतो. साध्या कारणासाठी शस्त्रक्रिया झाली होती आणि अ‍ॅस्कस क्रीमनंतर विरला, तर पुन्हा पॅप घ्यायचाच का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा; सवयीनं दर वर्षी घेत राहण्यात अर्थ नाही.

फाइलच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा: शस्त्रक्रियेचं नाव आणि वर्ष, तोंड काढलं की नाही, कारण, हिस्टोपॅथॉलॉजीचं निदान, प्रत्येक पॅपची तारीख आणि शब्द, बायोप्सीचा निकाल, पुढची तारीख. फोनमध्ये त्याचा फोटो असू द्या. डॉक्टर बदलला तरी नवा फॉर्म भरताना हेच पान पुढे करायचं, म्हणजे नमुन्याच्या जागेपुढे कुणी ‘सर्व्हिक्स’ लिहिणार नाही.